घरून हार्ट रिहॅब करणारे पेशंट खरंच काय सांगतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: "बाबांचं वय ६७, बायपास होऊन पाच आठवडे झाले. १२ आठवड्यांचं कार्डिॲक रिहॅब, म्हणजे हृदयाच्या आजारानंतर देखरेखीखाली करायचा व्यायामाचा प्रोग्राम, सांगितलंय पण सेंटर लांब आहे, म्हणून व्हिडिओ कॉल आणि ॲपवर घरूनच करा म्हणतायत. बाबा म्हणतात फोनपुढे हातपाय हलवून कुठे हृदय सुधारतं का. ज्यांनी हे केलंय त्या पेशंटना काय वाटतं?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सतरा वर्षं हार्टच्या पेशंटबरोबरच काम करतोय, आधी सगळं सेंटरवर आणि २०२० पासून निम्म्याहून जास्त पेशंट घरून. तुम्ही पेशंटचं मत विचारलंय म्हणून ॲप कुठलं चांगलं वगैरे बाजूला ठेवतो आणि माणसं मला काय सांगतात तेच लिहितो, थोडं लांबेल.

बाबांची शंका रास्त आहे, फोनने हृदय सुधारत नाहीच, व्यायामाने सुधारतं, आणि व्यायाम सेंटरवर केला की घरी केला हे स्नायूंना कळत नाही. यावर बऱ्याच चाचण्या झाल्यात, २०२३ च्या कोक्रेन आढाव्यात (कोक्रेन ही वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) अशा २४ चाचण्या आणि ३,००० हून जास्त पेशंट एकत्र बघितले, घरून करणारे आणि सेंटरवर करणारे यांच्यात मृत्यूचं प्रमाण, व्यायामाची ताकद, जगण्याचा दर्जा यात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. आणि ही कल्पना मोबाइलबरोबर आलेली नाही. एडिनबरामध्ये हार्ट अटॅकच्या पेशंटना घरी एक पुस्तिका, कॅसेट आणि अधूनमधून नर्सचा फोन एवढ्यावर रिहॅब दिलं होतं, त्याचा अभ्यास १९९२ साली छापून आला, त्यात त्या लोकांची चिंता आणि उदासी कमी झालेली दिसली, तेव्हा कुठलं ॲप नि कुठलं काय. एक मात्र लक्षात ठेवा, अशा चाचण्यांमध्ये जे पेशंट येतात ते मुळात तयारीचे असतात आणि फार धोक्याचे नसतात, त्यामुळे "फरक नाही" हे सरसकट सगळ्यांना लावू नये.

आता पेशंट काय म्हणतात. इतकी वर्षं ऐकून माझ्या मनात एकच गोष्ट पक्की झालीय, घरून करण्याबद्दल लोकांची फारशी तक्रार नसते, तक्रार असते एकटं पडल्याची. आणि बऱ्याच ठिकाणी घरून म्हणजे एकट्याने असंच होऊन बसतं, म्हणून तोच प्रोग्राम एकाला खूप आवडतो आणि दुसरा तिसऱ्या आठवड्यात सोडून देतो.

पहिल्या दोन आठवड्यांत जवळजवळ सगळे एकच सांगतात, भीती वाटते. सेंटरवर कोपऱ्यात डिफिब्रिलेटर, म्हणजे बंद पडू पाहणाऱ्या हृदयाला शॉक देणारं मशीन, ठेवलेला असतो, शेजारी नर्स असते, मला एक काका म्हणाले होते, "ते मशीन कधी कुणावर वापरलेलं मी बघितलं नाही, पण दिसत होतं म्हणून मी ट्रेडमिलवर चढत होतो." घरी ते दिसत नाही. आणि भीती प्रत्येकाची वेगळी असते, हे विचारल्याशिवाय कळत नाही. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी) बसवलेल्या माणसाला वाटतं धावपळ केली तर स्टेंट सरकेल. तो सरकत नाही, फुग्याच्या जोरावर तो रक्तवाहिनीच्या भिंतीत घट्ट बसवलेला असतो आणि पुढे त्याच्यावर आतलं अस्तर चढतं, चालण्याने त्याला काहीही होत नाही, खरी काळजी घ्यायची ती रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या न चुकवण्याची. बायपासवाल्याला वाटतं छातीचं हाड उघडेल. ते स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं आणि नीट जुळायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात, तोवर वजन उचलणं, ढकलणं, ओढणं यावर सर्जनने जी मर्यादा सांगितली ती पाळायची, पण चालायला किंवा खुर्चीतून उठबस करायला त्याने अडचण नाही. (हाडातून टक टक असा आवाज येत असेल किंवा खोकताना हाड हलल्यासारखं वाटत असेल तर मात्र वाट बघत बसायचं नाही, सर्जनला लगेच सांगायचं.) आणि हार्ट फेल्युअरवाल्याला, म्हणजे ज्याचं हृदय रक्त पुरेसं पंप करू शकत नाही त्याला, प्रत्येक धाप ही शेवटची वाटते, त्याला कुठली धाप चालेल आणि कुठली नाही हे शिकवावं लागतं, नुसतं "घाबरू नका" म्हणून काही होत नाही.

या भीतीवर मी बघितलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पहिल्या काही सेशनला समोर जिवंत माणूस असणं, मग तो स्क्रीनवर का असेना. पोलंडमध्ये हार्ट फेल्युअरच्या ८५० पेशंटवर मोठी चाचणी झाली, २०२० मध्ये तिचे निष्कर्ष आले, तिथल्या पद्धतीत पेशंट व्यायामाआधी लक्षणांच्या प्रश्नांची उत्तरं द्यायचा, ईसीजी पाठवायचा, आणि पलीकडून परवानगी आली की मगच सुरू करायचा. आमचे पेशंट अगदी याच गोष्टीला किंमत देतात. एका बाईंनी मला सांगितलं होतं की तुम्ही "हं, करा सुरू" म्हणता ना, तेवढ्याने माझे हातपाय मोकळे होतात. त्या चाचणीत नऊ आठवड्यांनी ताकद आणि जगण्याचा दर्जा सुधारला होता, पुढे वर्ष-दोन वर्षांत हॉस्पिटलबाहेर काढलेले दिवस मात्र दोन्ही गटात सारखेच निघाले. हेही सांगितलं पाहिजे, कारण घरून रिहॅब केलं की पुन्हा ॲडमिट व्हावं लागणार नाही असं कुणी छातीठोक सांगत असेल तर ते खरं नाही.

उलट बाजूचा अनुभव सांगतो, आमच्याच टीमची चूक होती. सुरुवातीला आम्ही रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि रोज भरायचा तक्ता द्यायचो, एक गृहस्थ नेमाने चालायचे, नेमाने तक्ता भरायचे, नऊ दिवस झाले आणि दहाव्या दिवशी बंद. फोन केला तर म्हणाले, "मी मुद्दाम एक दिवस नाडी १९० लिहिली होती, कुणी काही विचारलं नाही, मग कळलं की तिकडे कुणी नाहीये." ते वाक्य मला अजून टोचतं. पेशंटने भरलेला आकडा कुणीतरी वाचायलाच हवा आणि वाचलाय हे त्याला कळायलाही हवं, मग ते "काल पायऱ्या चढलात, छान" एवढं का असेना. ॲप हिरवी खूण देतं, ती पहिल्या आठवड्यात आवडते, नंतर तिच्याकडे कुणी बघतही नाही. माणसाने "आज डावा पाय जरा कमी उचलताय, पोटरी दुखतेय का?" विचारलं की ते महिनाभर लक्षात राहतं. (बायपासमध्ये पायातली शीर काढलेली असली तर कित्येकांना छातीपेक्षा पायच जास्त त्रास देतो, आणि हे त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं. तुमच्या बाबांना असेल तर सूज आणि लाली रोज बघा.)

आकड्यांबद्दल. घड्याळं आणि पट्टे पेशंटना आधार वाटतात आणि त्रासही देतात, दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून ऐकलंय मी. रात्री तीन वाजता उठून ठोके बघणारे लोक आहेत. मनगटावरचं घड्याळ प्रकाशाने नाडी मोजतं, मूठ आवळलेली असली किंवा ठोके अनियमित पडत असले, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असलं, की ते चुकू शकतं. शिवाय बायपासनंतर बऱ्याच जणांना बीटा ब्लॉकर नावाची गोळी चालू असते, ती ठोके फारसे वाढू देत नाही, त्यामुळे जास्तीत जास्त ठोके काढायचं २२० वजा वय हे गणित त्यांना लागू पडत नाही, आणि मग बाबा घड्याळ बघून म्हणणार माझे ठोके ९५ च्या वर जातच नाहीत, म्हणजे माझं हृदय कमजोर झालं. तसं नसतं, ते गोळीचं काम आहे. म्हणून आम्ही बोर्ग स्केल शिकवतो, स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी केलेलं, ६ ते २० आकडे, ६ म्हणजे काहीच कष्ट नाहीत आणि २० म्हणजे याच्यापुढे शक्यच नाही. सुरुवातीला ११ ते १३, म्हणजे हलकं ते थोडं जड. आणि त्याहून सोपं, चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एकेका शब्दाला श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करा. पेशंटना हे एकदा जमलं की त्यांचं बोलणंच बदलतं, आधी "चालू का?" विचारायचे ते आता "काल १३ वर गेलो होतो, आज ११ वर ठेवलं" असं सांगतात. सेंटरवर ही गोष्ट उशिरा येते असं माझं निरीक्षण आहे, कारण तिथे मशीन आणि आम्ही त्यांच्या वतीने बघत असतो. घरी त्यांना स्वतःचं शरीर स्वतः वाचावं लागतं, आणि प्रोग्राम संपल्यावर तेच कामाला येतं.

घरी सगळ्यात जास्त काय गाळलं जातं तर कूलडाउन. व्यायाम झाला, घाम आला, बसले. असं करू नका. व्यायामात पायांकडे रक्त जास्त गेलेलं असतं, एकदम थांबलं की ते तिथेच साठतं, बीपी खाली येतं, वर बीपीच्या गोळ्या चालू, चक्कर येते आणि पेशंट म्हणतो व्यायाम मला सोसला नाही. शेवटची दहा मिनिटं हळूहळू वेग उतरवा. सुरुवातीचा वॉर्मअपही तरुण माणसापेक्षा लांब, पंधरा मिनिटांपर्यंत. आणि श्वास रोखून काहीही करायचं नाही.

आता घरच्यांबद्दल, कारण प्रश्न तुम्ही विचारलाय, बाबांनी नाही. पेशंट मला खाजगीत सर्वात जास्त कशाबद्दल बोलतात माहितीये? तुमच्याबद्दल. घरच्यांची काळजी त्यांना हवी असते आणि जड पण होते. व्हिडिओ कॉलवर मला घर दिसतं हा एक मोठा फायदा आहे जो सेंटरवर मला कधीच मिळाला नव्हता, खुर्ची किती खोल आहे, जिना कसा आहे, आणि खुर्चीतून उठताना मागून दोन हात येऊन त्यांना उचलतायत हे सुद्धा. एका आजोबांना मी दहा वेळा उठबस सांगितली होती, दहाही वेळा मुलगा काखेत हात घालून उठवत होता, प्रेमानेच, पण व्यायाम त्या मुलाचा होत होता. दुसरीकडे अशाही बायका बघितल्यात ज्यांना नवऱ्याच्या अटॅकनंतर रात्र रात्र झोप नाही, श्वास चालू आहे का बघत बसतात, आणि त्यांना कुणी एका शब्दाने विचारलेलं नसतं. ब्रिटनमध्ये रीच-एचएफ नावाचा घरून करायचा प्रोग्राम हार्ट फेल्युअरसाठी बनवला, २१६ पेशंटवर तपासला, त्यात काळजी घेणाऱ्या माणसासाठी वेगळं साहित्य होतं, मला तो विचार फार योग्य वाटतो. तुमच्या टीमला विचारा की माझ्याशी दहा मिनिटं कोण बोलेल.

बाई पेशंट असेल तर घर हीच अडचण होते. रिहॅबला बायका एकूणच कमी येतात, हे देशोदेशी दिसतं, आणि घरून केलं तर येतील असं आम्हाला वाटलं होतं. येतात, पण सेशनच्या मध्येच बेल वाजते, कुणीतरी हाक मारतं, गॅसवर काहीतरी असतं, आणि त्या "एक मिनिट हं" म्हणून जातात ते गेल्याच. सेंटरवर जायचं म्हटलं की घर मान्य करतं की ही उपचाराला चाललीय, घरात कपडे बदलून मॅटवर उभी राहिली तर तो तिचा मोकळा वेळ समजतात. एका ताईंनी दारावर कागद चिकटवला होता, "उपचार चालू आहेत, ४५ मिनिटं". बाबांच्या बाबतीत हे लागू नाही पण तुमच्या आईवर हे सगळं करून घ्यायचं काम पडणार असेल तर तिचा वेळही मोजा.

आणि एक गोष्ट जी घरी मिळत नाही ती नाहीच मिळत, बरोबरचे पेशंट. सेंटरवर शेजारच्या सायकलवरचा माणूस सांगतो की मला पण सहाव्या आठवड्यात उगाच रडू यायचं, ते ऐकून जे होतं ते माझ्या सांगण्याने होत नाही. हार्ट अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला नैराश्य येतं, आणि पुरुष ते सहसा "झोप लागत नाही", "चव गेली" असं सांगतात. घरून करणाऱ्यांना आम्ही आता सहा-सात जणांच्या गटात व्हिडिओवर घेतो, व्यायाम संपल्यावर मी दहा मिनिटं मीटिंग चालू ठेवून स्वतः बाजूला होतो. पहिले दोन-तीन वेळा शांतता असते. मग कुणीतरी गोळीने सुका खोकला येतो का विचारतं आणि गाडी सुरू. प्रत्यक्ष भेटीएवढं नाही, पण काहीच नसण्यापेक्षा खूप आहे. तुमच्या प्रोग्रामात असा गट नसेल तर मागा.

टेक्निकल अडचणींचं लोक समजतात तेवढं मोठं नसतं, ७० च्या पुढचे लोकही आठवड्याभरात शिकतात, फक्त फोन टेकवून ठेवायला स्थिर जागा, पूर्ण शरीर दिसेल एवढं अंतर, आणि कॉल तुटला तर कुणी कुणाला फोन करायचा हे आधी ठरलेलं हवं. न्यूझीलंडमध्ये १६२ पेशंटवर छातीला लावायच्या सेन्सरवरून लांबून व्यायाम घेतला होता, २०१९ ला छापलंय, ताकद सेंटरवाल्यांपेक्षा कमी पडली नाही.

घरून कुणी करू नये किंवा निदान सुरुवात सेंटरवर करावी, हेही स्पष्ट सांगतो. बसल्या जागी किंवा अगदी थोड्या श्रमात छातीत दुखणारे, हार्ट फेल्युअर अजून स्थिर न झालेले, ठोक्यांची धोक्याची गडबड ताब्यात नसलेले, झडप खूप अरुंद होऊन लक्षणं असलेले. आयसीडी (ठोके धोकादायक झाले की आपोआप शॉक देणारं, शरीरात बसवलेलं मशीन) बसवलेल्यांनी ते मशीन किती ठोक्यांना शॉक देतं तो आकडा टीमकडून घेऊन त्याच्या बऱ्यापैकी खाली राहायचं. वारंवार पडणारे आणि घरात एकटे राहणारे यांच्यासाठी मी तरी आधी काही सेशन सेंटरवर आणि मग घरी असं मिश्र करतो, आणि खरं सांगायचं तर निवड दिली तर बऱ्याच पेशंटना हेच मिश्र आवडतं. तुमचं सेंटर लांब आहे, पण पहिली तपासणी, म्हणजे सहा मिनिटं चालण्याची टेस्ट किंवा स्ट्रेस टेस्ट (चालता-धावता ईसीजी बघण्याची), ही एकदा प्रत्यक्ष जाऊन करून घ्याच, त्याशिवाय व्यायामाचं प्रमाण ठरवणं म्हणजे अंदाजपंचे आहे.

घरात कागदावर लिहून ठेवा: व्यायामात छातीत दुखलं, जबड्यात किंवा हातात कळ गेली, घाम फुटून गळून गेल्यासारखं झालं तर थांबायचं, बसायचं, डॉक्टरांनी जिभेखालची गोळी किंवा स्प्रे दिला असेल तर तो घ्यायचा, पाच मिनिटांत उतरलं नाही तर ॲम्ब्युलन्स, फिजिओच्या कॉलची वाट बघायची नाही. हार्ट फेल्युअर असेल तर रोज सकाळी वजन, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर कळवायचं.

१२ आठवडे संपल्यावर काय, याबद्दल पेशंट नाराज असतात आणि त्यांचं बरोबर आहे. आठवड्याला तीन वेळा दिसणारा चेहरा एकदम गायब होतो. एकजण म्हणाले होते, "डिस्चार्ज दोनदा मिळाला, दुसऱ्या वेळी जास्त भीती वाटली." आम्ही आता शेवटच्या महिन्यात कॉल मुद्दाम विरळ करत नेतो, आठवड्याला एक, मग पंधरवड्याला एक, आणि नंतर तीन महिन्यांनी एक फोन ठरवूनच ठेवतो. तुमच्याकडे तेराव्या आठवड्यात काय होणार हे पहिल्याच दिवशी विचारा. तेव्हाच हेही विचारा की बाबांनी भरलेले आकडे कोण वाचतं, किती दिवसांनी, आणि दर वेळी तोच माणूस असेल का. याची उत्तरं नीट मिळाली तर माझ्या मते बाबांनी घरून बिनधास्त करावं. नुसते व्हिडिओ आणि तक्ता असं उत्तर आलं तर लांब असलं तरी सेंटर बघा, निदान पहिले काही आठवडे.

आणि पहिल्या कॉलला तुम्ही बाबांच्या शेजारी बसा, फोन धरायला मदत करा, पण टीमने "तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते?" विचारलं की उत्तर त्यांना देऊ द्या, थोडा वेळ लागला तरी मध्ये बोलू नका. तेवढं उत्तर मिळालं की आम्हाला पुढचं काम कुठून सुरू करायचं ते कळतं.